स्वस्त औषध आणि महाग लाज

आरोग्याविषयींचे लेख आपल्या कुटुंबांतून आवडीनें वाचले जातात. मधुमेह, रक्तदाब, मुलांचे दांत, वृद्धांची सांधेदुखी यांविषयीं जेवणाच्या पंक्तींतसुद्धां मोकळेपणानें बोलणें होतें, आणि कोणत्या डॉक्टरांचा गुण कोणास आला याची चर्चा तर हात वाळेपर्यंत चालते. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं त्यांचें नांव निघतांच थोरलीं माणसें खांकरतात आणि मुलांना बाहेर पाठविण्यांत येतें. एच्.आय्.व्ही. हा त्यांतलाच एक. आज मी त्याच रोगाविषयीं, किंबहुना तो होऊं नये म्हणून घ्यावयाच्या औषधाविषयीं लिहिणार आहें. मी वैद्य नाहीं. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक शिक्षक आहें. तेव्हां औषधाच्या गुणदोषांचा निर्णय ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावा. मला सांगावयाचें आहे तें त्या औषधाच्या किंमतीविषयीं. आणि येथें किंमत म्हणजे केवळ रुपये-पैसे नव्हेत.

एक प्रसंग

गेल्या दसऱ्यास माझा एक जुना विद्यार्थी सोनें देण्यास आला. दरसाल येतो, आपट्याचें पान हातावर ठेवतो, वांकून नमस्कार करतो, चहा घेतो आणि जातो. या खेपेस तो उठेना. दिवेलागण झाली तरी बसून राहिला. अखेर त्यानें जें सांगितलें तें, त्याच्या परवानगीनें आणि ओळख पटूं नये एवढा फरक करून, येथें देतों.

आषाढांत एका लहानशा शस्त्रक्रियेपूर्वीं त्याचें रक्त तपासण्यांत आलें, आणि त्यांत हा विषाणु आढळला. तो कोठून आला हें मीं विचारलें नाहीं व त्यानेंही सांगितलें नाहीं. पत्नीचें रक्त तपासलें, तें सुदैवानें निर्दोष निघालें. त्याला उपचार तत्काळ सुरू झाले. परंतु औषधांनीं विषाणु पुरता दबला आहे अशी खात्री पटेपर्यंत कांहीं महिने जातात. म्हणून तेवढ्या अवधीपुरती त्याच्या पत्नीनेंही रोज एक प्रतिबंधक गोळी घ्यावी, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

“सर, गोळी मला परवडते,” तो म्हणाला. “महिन्याला दोन हजारांच्या आंतबाहेर खर्च. पण ती घरांत ठेवायची कुठें, तें सांगा.”

त्यांचें घर शनिवार पेठेंत. जुना वाडा पाडून झालेल्या इमारतींत एकाच मजल्यावर आई-वडील, काका-काकू, धाकटा भाऊ व त्याची बायको असे सर्व एकत्र राहतात. औषधांचें फडताळ एकच. दर रविवारीं आई तें आवरतात आणि कोणाचें कोणतें औषध संपत आलें आहे याची चिठी लिहितात. सूनबाईंनीं गोळ्या मूळ बाटलींतून काढून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलींत भरल्या आणि ती बाटली तांदुळाच्या डब्यामागें ठेवली. घराजवळच्या दुकानांतून गोळ्या आणावयाची सोय नाहीं, कारण दुकानदार काकांचा स्नेही. म्हणून दर महिन्यास पार हडपसरपर्यंत जावयाचें. भाद्रपदांत गौरी-गणपतींना घर पाहुण्यांनीं भरलें, स्वयंपाकघरांत सदा चार बायकांचा वावर, आणि त्या धांदलींत तब्बल पांच दिवस त्या बाटलीला हात लावतां आला नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेलीं इतर पथ्यें त्यांनीं पाळलीं होतीं. तरी त्या पांच दिवसांनीं दोघांची झोंप उडविली होती. पुढली रक्ततपासणी कार्तिकांत व्हावयाची होती.

“तूं आईला सांगत कां नाहींस?” मीं विचारलें.

“सर, तिनें माझं ताट वेगळं केलं तर?”

“अरे, तुझी आई शिकलेली आहे. ती असें करणार नाहीं,” मीं मोठ्या खात्रीनें सांगितलें.

तो गेल्यावर मीं काय केलें तें लिहावयास संकोच वाटतो, पण लिहितों. तिपाईवरचा त्याचा रिकामा पेला उचलून मीं मोरीच्या कोपऱ्यांत, इतर भांड्यांपासून दूर ठेवला. स्पर्शानें, एकत्र जेवण्यानें, एका पेल्यानें हा रोग होत नाहीं हें मला पक्कें ठाऊक होतें. शाळेंत फळ्यावर तें मींच लिहून दिलें होतें. आमच्या सौभाग्यवतीनें आंतून सारें ऐकलें होतें. तिनें तो पेला पाहिला, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तो उचलून इतर भांड्यांत घालून विसळला. इतकीं वर्षें मीं जें शिकविलें, तें माझ्या हातापर्यंत पोंचलेंच नव्हतें.

या प्रसंगानें मला विचार करावयास लावलें. औषधाची किंमत तीन प्रकारची असते: एक पैशांची, दुसरी तें हातीं पडण्याची, आणि तिसरी लाजेची. पहिली कशी उतरली, दुसरी कोठें अडली आहे आणि तिसरी कोणाच्या हातांत आहे, एवढेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

रोगापूर्वींचें औषध

प्रतिबंधक औषधाची कल्पना आपणांस परकी नाहीं. चरकसंहितेंत आयुर्वेदाचें प्रयोजन सांगतांना निरोगी मनुष्याच्या आरोग्याचें रक्षण आधीं सांगितलें आहे आणि रोग्याच्या रोगाचें शमन नंतर. इंग्रजी अमदानींत हिंवतापासाठीं १८९२ पासून बंगालमध्यें टपालकचेरींत एका पैशाला क्विनाइनची पुडी मिळूं लागली, आणि पुढें ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. पुडी मागणाऱ्यापाशीं पोस्टमास्तर चालचलणुकीचा दाखला मागत नसे. १८९७ च्या जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच वर्षीं मार्चमध्यें पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले प्लेगनेंच वारल्या. एकीकडे लस निघाली होती, आणि दुसरीकडे भीतीपोटीं लोक घरांतलें दुखणें लपवीत होते. औषध निघणें आणि तें लोकांनीं निर्भयपणें घेणें यांत किती अंतर असतें, हें पुण्यास तेव्हांपासून माहीत आहे.

एच्.आय्.व्ही. चा विषाणु, ज्या पांढऱ्या पेशी शरीराचें रक्षण करतात त्यांच्यांतच शिरतो आणि आपल्या बीजाची नक्कल त्यांच्या बीजांत मिसळून टाकतो. एकदां ती मिसळली म्हणजे औषधांनीं विषाणूला दाबून ठेवतां येतें, पण समूळ काढून टाकतां येत नाहीं. म्हणूनच आधीं अडविण्याला एवढें महत्त्व. प्रतिबंधक गोळींत टेनोफोविर व एम्ट्रिसिटाबिन हीं दोन द्रव्यें असतात. विषाणूची नक्कल एकेक कडी जोडून सांखळीसारखी वाढते. हीं द्रव्यें खऱ्या कडीसारखीं दिसतात, पण त्यांना पुढची कडी अडकविण्यास जागाच नसते. सांखळी तेथेंच तुटते, आणि विषाणूला मूळ धरतां येत नाहीं. अर्थात् त्यासाठीं औषध आधींपासून रक्तांत असावें लागतें. म्हणून रोज गोळी घेण्याचा कटाक्ष, आणि म्हणूनच पांच दिवसांच्या खंडाची ती धास्ती.

अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं २०१२ सालीं या गोळीस प्रतिबंधासाठीं मान्यता दिली, आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अधिक धोका असलेल्या सर्वांसाठीं तिची शिफारस केली. नियमानें घेतल्यास शरीरसंबंधांतून होणारा संसर्ग ९९ टक्क्यांपर्यंत टळतो. मात्र ती सुरू करण्यापूर्वीं एच्.आय्.व्ही., मूत्रपिंडें व ‘बी’ प्रकारची कावीळ यांची तपासणी करावी लागते, दर तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासावें लागतें, आणि इतर गुप्तरोगांपासून ती वांचवीत नाहीं. तेव्हां आपल्याच मनानें ती घेणें शहाणपणाचें नव्हे.

किंमत कशी उतरली

या गोळीला अमेरिकेंत महिन्यास हजार डॉलरांहून अधिक पडत असत. तीच आपल्याकडे दोन हजार रुपयांत कशी मिळते? हा दैवाचा प्रसाद नव्हे. त्यामागें कायदा आहे, रसायनशास्त्र आहे आणि कांहीं माणसांचा हट्ट आहे.

इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यानें औषधावरच पेटंट, म्हणजे मक्तेदारी, मिळत असे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं या विषयावर अहवाल दिला. त्याच्या आधारें १९७० चा पेटंट-कायदा झाला व १९७२ पासून अंमलांत आला. त्यांत औषधावर मक्तेदारी नव्हती, तें तयार करण्याच्या रीतीवर तेवढी होती. दुसरी रीत शोधून काढील त्याला तेंच औषध तयार करण्याची मुभा मिळाली, आणि देशी रसायनशास्त्रज्ञांच्या बुद्धीला कामच काम झालें.

त्यांतले एक ए. व्ही. रामाराव. पाषाणला १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत त्यांच्या उमेदीचीं वर्षें गेलीं. पुढें ते हैद्राबादच्या संस्थेचे संचालक झाले. या रोगावरचें पहिलें औषध झिडोवुडिन हें १९८७ सालीं अमेरिकेंत निघालें, तेव्हां त्याला वर्षाकांठीं हजारों डॉलर पडत. तें स्वस्तांत बनविण्याची रीत रामाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं बसविली गेली, आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीनें १९९३ सालीं तें बाजारांत आणलें. पुढच्याच वर्षीं अमेरिका व फ्रान्स येथील प्रयोगांत असें दिसलें कीं, हें औषध गरोदर मातेस व नवजात बाळास दिल्यास बाळाला होणारा संसर्ग दोन-तृतीयांशांनीं घटतो. औषधानें हा रोग अडवितां येतो, याचा तो पहिला भक्कम पुरावा.

सिप्ला ही ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं स्थापन केलेली कंपनी. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनीं २००१ च्या फेब्रुवारींत जाहीर केलें कीं, तीन औषधांचा जो उपचार पाश्चात्त्य कंपन्या वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरांना देतात, तो आपण धर्मार्थ संस्थेस ३५० डॉलरांस, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरानें देऊं. आफ्रिकेंत त्या वेळीं माणसें लाखांनीं मरत होतीं. त्या एका घोषणेनें जगभरचे भाव कोसळूं लागले.

२००५ सालीं आपल्या कायद्यांत बदल होऊन औषधांवर पुन्हां पेटंट मिळूं लागलें. तथापि जुन्याच द्रव्याचें किरकोळ रूपांतर करून नवी मक्तेदारी मागण्यास त्यांतील कलम ३ (ड) नें आडकाठी घातली. टेनोफोविरवरील अर्जास रुग्णांच्या संघटनांनीं व देशी उत्पादकांनीं हरकत घेतली, आणि २००९ सालीं तो फेटाळला गेला. शनिवार पेठेंतल्या तांदुळाच्या डब्यामागची ती बाटली दोन हजारांना मिळते, ती या सगळ्या खटाटोपामुळें.

पुण्याचा वांटा

या कार्यांत आपल्या गांवाचा वांटा पुष्कळांस ठाऊक नसतो. भोसरीला १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. ‘नारी’ या नांवानें ती ओळखली जाई, आणि अलीकडे तिच्या नांवांत विषाणुशास्त्राचाही समावेश झाला आहे. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर जो मोठा प्रयोग झाला, त्यांत पुण्याचीं जोडपीं याच संस्थेमार्फत सामील होतीं. प्रत्येक जोडप्यांत एकाला संसर्ग होता, दुसऱ्याला नव्हता. अर्ध्यांना उपचार लगेच दिले, अर्ध्यांना त्या वेळच्या रिवाजाप्रमाणें उशिरां. २०११ सालीं निकाल आला: लगेच उपचार मिळालेल्यांच्या जोडीदारांत संसर्ग ९६ टक्क्यांनीं कमी. रोग्याचें औषध हेंच जोडीदाराचें संरक्षण ठरलें. माझ्या विद्यार्थ्याचा विषाणु पुरता दबला म्हणजे त्याच्या पत्नीला गोळीची गरज उरणार नाहीं असें डॉक्टर सांगतात, त्याचा आधार हाच व यासारखेच प्रयोग. कोणा अज्ञात पुणेकर पति-पत्नींनीं भोसरीच्या बांकावर ताटकळत बसून, वर्षानुवर्षें रक्त देऊन हें ज्ञान जगाला मिळवून दिलें आहे.

ससूनलगतच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांतही असेंच काम झालें. अंगावर पिणाऱ्या बाळास नेव्हिरापिन हें औषध एकदांच द्यावें कीं सहा आठवडे रोज द्यावें, याचा प्रयोग इथिओपिया, युगांडा आणि पुणें येथें मिळून झाला. २००८ सालीं तो प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या अखेरीस रोज औषध मिळालेल्या बाळांतील संसर्ग जवळजवळ निम्मा होता. पुढें स्तनपान चालू राहिल्यावर हा लाभ बराच ओसरला. म्हणून आतां मातेलाच आजन्म उपचार देण्याची रीत आहे.

कारखान्यांचेंही तसेंच. दौंड तालुक्यांत कुरकुंभ येथें सिप्लाचा कारखाना आहे, आणि पुण्याची एमक्युअर ही कंपनी या रोगावरील औषधें बनविते. लेनाकापाविर नांवाचें नवें औषध आतां आलें आहे. रोजच्या गोळीऐवजीं सहा महिन्यांनीं एकदां तें टोंचून घ्यावयाचें. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथें २१३४ तरुण स्त्रियांना तें दिलें, आणि त्यांतल्या एकीलाही संसर्ग झाला नाहीं, असें २०२४ सालीं जाहीर झालें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मूळ अमेरिकन कंपनीनें १२० देशांसाठीं तें बनविण्याचे परवाने सहा कंपन्यांना दिले. त्यांत एमक्युअर आहे. अमेरिकेंत २०२५ सालीं त्याची वर्षाची किंमत २८,२१८ डॉलर, म्हणजे चोवीस लाख रुपयांच्या घरांत, ठरली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, हैद्राबादच्या दोन कंपन्या तेंच औषध २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरांना, म्हणजे सुमारें साडेतीन हजार रुपयांना देतील, असें जाहीर झालें. चोवीस लाख आणि साडेतीन हजार! वस्तु एकच.

सहा महिन्यांनीं एकदां टोंचण्याचें मोल सूनबाईंना विचारावें. डब्यामागें कांहीं लपवावयास नको, आणि गौरी-गणपतींत चुकावयासही नको.

हातीं पडण्याची किंमत

आपल्या सरकारनें १ एप्रिल २००४ पासून या रोगाचे उपचार विनामूल्य सुरू केले, आणि २०१७ पासून संसर्ग आढळेल त्या प्रत्येकास लगेच औषध देण्याचें धोरण ठरलें. ही थोर गोष्ट आहे. देशांत सुमारें २५ लाख माणसें या विषाणूसह जगत आहेत, त्यांतले चार लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रांत. त्यांतले पुष्कळ या विनामूल्य औषधावर कामधंदा करून संसार चालवितात. परंतु प्रतिबंधक गोळीची गोष्ट निराळी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें तिच्या वापराचे नियम २०२२ सालीं प्रसिद्ध केले. तथापि ती बहुशः ज्याच्या त्याच्या खिशांतूनच घ्यावी लागते. रोग झाला म्हणजे औषध फुकट, होऊं नये म्हणून घ्यावयाचें तें विकत! चरकाचा क्रम येथें उलटा झाला आहे.

दोन हजार रुपये माझ्या विद्यार्थ्याला जड नाहींत. पण अप्पा बळवंत चौकांत पुस्तकें घ्यावयास मी जन्मभर गेलों, तेथून हाकेच्या अंतरावर बुधवार पेठेंत ज्या स्त्रिया राहतात, त्यांना ते जड आहेत. पुस्तकांचा गठ्ठा बगलेंत मारून खालीं मान घालून त्या गल्लीच्या तोंडावरून मी किती वेळां गेलों असेन! त्या स्त्रियांनीं सहेली संघ ही आपली संघटना स्वतः उभारली आहे. कलकत्त्याच्या सोनागाचींत व म्हैसूरच्या बाजूला अशाच स्त्रियांच्या संघटनांनीं सुमारें तेराशें जणींना ही गोळी देऊन पाहिली. त्यांतल्या एकीलाही नवा संसर्ग झाला नाहीं. म्हणजे देणारा भेटला तर घेणाऱ्या नेमानें घेतात. पुरुषांशीं संबंध असलेले पुरुष व तृतीयपंथी यांची गरजही तितकीच मोठी आहे, आणि त्यांना तर दवाखान्याची पायरी चढतांनाच शंभर नजरा झेलाव्या लागतात. पोस्टांत पैशाला क्विनाइन ठेवणारें सरकार परकें होतें. आपलें स्वतःचें सरकार याहून मागें राहूं नये, एवढें मागणें गैर नाहीं.

लाजेची किंमत

येथें कोणी म्हणेल कीं, असें औषध हातीं दिल्यानें लोक स्वैर होतील. हा आक्षेप नवा नाहीं. महर्षि कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिलें, आणि १९२७ पासून १९५३ सालीं मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालविलें. तेव्हांही हेंच म्हटलें गेलें. त्यांच्यावर खटले झाले; १९३४ सालीं त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर न्यायालयांत उभे राहिले. आपल्याच समाजांतल्या, आपल्याच ज्ञातींतल्या त्या माणसाला आपण जिवंतपणीं काय दिलें, तें आठवलें कीं मान खालीं जाते. रोग नीति पाहून येत नाहीं. शनिवार पेठेंतल्या सूनबाईंनीं कोणता स्वैराचार केला होता? आणि एखाद्याचें पाऊल चुकलें असलें, तरी त्याची शिक्षा रोगानें द्यावी व ती त्याच्या बायकोनें भोगावी, हा कोणता न्याय?

एच्.आय्.व्ही. बाबतचा कायदा २०१७ सालीं झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव करण्यास त्यानें मनाई केली आहे. संमतीवांचून कोणाची तपासणी करूं नये व ती उघड करूं नये असें बजाविलें आहे. अठरा वर्षांखालील बाधित मुलांना एकत्र घरांत राहण्याचा हक्क दिला आहे. परंतु फडताळांत बाटलीला जागा देणें कोणत्याही कायद्याच्या हातचें नाहीं. तें घरांतल्या थोरल्या माणसांच्या हातचें आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. या बाबतींत मात्र तो सव्वा लाखाचा भुर्दंड घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला भरावा लागतो.

म्हणून आपल्या घरांत निदान इतकें व्हावें. वाढत्या मुलामुलींना हा रोग कसा होतो व कसा होत नाहीं, हें थोरल्यांनींच साध्या शब्दांत सांगावें. सरकारी रुग्णालयांत याची तपासणी विनामूल्य व गुप्तपणें होते, आणि १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास नांव न सांगतां माहिती मिळते, हें सर्वांस ठाऊक असावें. घरांत कोणी डॉक्टर, परिचारिका अगर प्रयोगशाळेंत काम करणारें असेल आणि सुई टोंचली, तर लागलीच, उशिरांत उशिरां ७२ तासांच्या आंत औषध सुरू करून तें २८ दिवस घ्यावें लागतें. तेथें लाजेनें दवडलेली एक रात्रही महाग पडते. आणि कोणाच्या हातीं अनोळखी औषधाची बाटली दिसली, तर ती कशाची आहे असें चारचौघांत विचारूं नये, “वेळेवर घेतोस ना?” एवढेंच विचारावें.

कार्तिकांत माझ्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला. सूनबाईंचें रक्त निर्दोष निघालें होतें. त्याच सायंकाळीं धीर करून त्यानें आईला सर्व सांगितलें. ती माउली दोन दिवस कोणाशीं बोलली नाहीं. देवापुढें बसे ती उठत नसे. वडिलांनीं धरलेला अबोला तर हें लिहीपर्यंत सुटलेला नाहीं. पण रविवारीं नेहमींप्रमाणें तिनें फडताळ आवरावयास घेतलें, आणि सूनबाईंस हांक मारून म्हणाली, “ती तांदुळामागची बाटली आण इकडे. सर्दीनें खराब होतील गोळ्या.” मग चष्मा लावून त्या आठवड्याची चिठी लिहिली. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, काकूंचें सांध्यांचें तेल, आणि तिसऱ्या ओळींत त्या प्रतिबंधक गोळीचें नांव, दोन अक्षरें चुकवून. हल्लीं ती गोळी घराजवळच्याच दुकानांतून येते.